जळगावला नोकरी, घर बाहेर: नशिराबाद-भुसावळ पट्ट्यात राहणाऱ्यांनो, खरं काय ते सांगा

दुसरीपाळी (धागाकर्ता) · रविवार, सकाळी १०:१२

मंडळी, नमस्कार. जळगाव एमआयडीसीत प्लास्टिकच्या कारखान्यात डिस्पॅचला आहे. पाळ्या बदलत्या. दुसरी पाळी असली की सुटायला रात्रीचे अकरा. बायको एका खासगी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, ती साडेसातला सुटते. मुलगी दुसरीत. आई गावी, पारोळ्याकडे असते. तिलाही आता आणायचं आहे. सध्या पिंप्राळ्यात दोन खोल्यांत भाड्याने राहतो. घरमालक भला माणूस, पण दर अकरा महिन्यांनी नवा करार आणि नव्या करारात भाडं वर.

शहरात स्वतःचं घर बजेटमध्ये बसत नाही. महाबळ, गणेश कॉलनी सोडूनच द्या, खेडी-निमखेडीकडेसुद्धा एजंट आधी आकडा सांगतो आणि मग पाणी विचारतो. म्हणून बाहेर बघतोय. तीन पर्याय आहेत:

१) भुसावळला, स्टेशनपासून चालत जाता येईल असा जुन्या बिल्डिंगमधला टू-बीएचके.
२) नशिराबादच्या अलीकडे, हायवेपासून आत, ग्रामपंचायत हद्दीत नवी रो-हाऊस कॉलनी. सगळ्यात स्वस्त हीच.
३) पाळधी बाजूला, बांभोरीच्या पुलापलीकडे प्लॉट घेऊन हळूहळू बांधायचं.

गाडी एकच, दुचाकी. सल्ला देणारे पुष्कळ भेटले. तिथे राहणारे हवे आहेत.

अपडाऊनवाला · रविवार, १०:४०

भुसावळ. डोळे झाकून भुसावळ.

नोकरीला लागलो तेव्हापासून अप-डाऊन करतोय, हाफिस जळगावला, घर भुसावळला. रेल्वेने अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास, मध्ये स्टेशन एकच, भादली. सुटलेली गाडी वेळेवर असली तर चहा थंड व्हायच्या आत जळगाव. मासिक पास काढा, नाहीतर सरळ तिमाही काढा. तिमाही मासिकच्या २.७ पटीत पडतो, तेवढीच बचत आणि दर महिन्याची रांग वाचते. पास दीडशे किलोमीटरपर्यंत मिळतो, त्यामुळे चाळीसगावहून रोज जळगावला येणारी माणसंही आमच्या ओळखीची आहेत.

आमच्या डब्यात जागा ठरलेल्या आहेत. कोणी लिहून दिलेल्या नाहीत, पण खिडकीशी सप्लाय हाफिसचे साहेब, त्यांच्या समोर दोन मास्तर, दारात उभं राहणारे ते कायम दारातच. नवीन माणूस बसला तर कोणी उठवत नाही, फक्त त्याच्याकडे असं बघतात की तोच पुढच्या वेळी दुसरा डबा शोधतो. कोणी रिटायर झालं की नारळ, शाल, पेढे सगळं डब्यातच. मुलांच्या सोयरिकी जमल्यात या डब्यात.

वाईट बाजूही सांगतो. पास आरक्षित डब्यात चालत नाही. गर्दी आहे म्हणून स्लीपरमध्ये चढलात तर दंड भरायची तयारी ठेवा. आणि संध्याकाळी भुसावळ आउटर. जंक्शन आहे, फलाट रिकामा नसला की गाडी बाहेर उभी. पाच मिनिटं म्हणता म्हणता अर्धा तास. मग रुळाकडेच्या कॉलनीतले लोक खाली खडीवर उड्या मारतात, डबा हातात आणि बूट खडीत रुततायत, आणि अंधारात रूळ ओलांडून घराकडे चालायला लागतात. शेजारच्या रुळावरून मालगाडी येत असते तिचा आवाज इंजिनाच्या दिव्याआधी कळत नाही. तुम्ही मात्र हे करू नका. आमच्यातला एक जण त्यातच गेला.

पुणेरिटर्न · रविवार, ११:०५

पंचवीस किलोमीटर अर्ध्या तासात?? वाघोलीला राहून हिंजवडी केलंय मी. बाकी काही बोलत नाही. घ्या भाऊ.

गणेशकॉलनीकर · रविवार, ११:३१

मला कळत नाही, घर विकत घ्यायलाच हवं असं कोणी सांगितलं? भाड्याने राहा, जवळ राहा, रात्री वेळेवर घरी या. हप्ता आणि पेट्रोल मिळून जे जातं त्यात शहरात बऱ्यापैकी भाड्याचं घर येतं. बाहेर जाऊन स्वस्त घर घेतलेले माझे दोन मित्र संध्याकाळी फोन करतात तेव्हा कायम रस्त्यावरच असतात.

नाना_प्रॉपर्टी · रविवार, १२:१५

धागाकर्ते, भाव आज आहे तो उद्या राहणार नाही. पाळधी ते तरसोद बायपासमुळे ती सगळी बाजू शहरातच येणार आहे. पर्याय ३ घ्या, दोन वर्षांत डबल. एनए (बिनशेती) प्लॉट, रोड टच, टोकन देऊन बुक करा. बाकी व्यनि (खासगी निरोप) करा.

देवपूरकर · रविवार, १२:२२

नाना, धुयामा (धुळ्यात) बी तीच कथा शे! इकडे मनमाड-इंदूर रेल्वेच्या नावावर प्लॉट विकून विकून लोकांची लग्नं झाली, आता त्यांच्या पोरांची व्हायची वेळ आली. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने ३०९ किलोमीटरच्या त्या मार्गाला मंजुरी दिली हे खरं, बोरविहीर-नरडाणा टप्प्याचं कामही आहे. पण माझ्या चुलत्याला ज्या एजंटाने "रेल्वे येतेय" म्हणून प्लॉट दिला, त्याला तेव्हा स्टेशन कुठे होणार हे विचारलं तर त्याने हाताने एक बाभूळ दाखवली होती. बाभूळ अजून आहे.

आम्ही देवपूरला राहतो आणि अवधानच्या एमआयडीसीत जातो. म्हणजे पांझरा नदीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे, गाव ओलांडून. अंतर काहीच नाही तुमच्यापुढे, पण सकाळी पुलावर आणि गावातून जाताना जो वेळ जातो त्यात तुम्ही भुसावळ गाठाल. तेव्हा किलोमीटर मोजू नका, वाटेत चौक किती आहेत ते मोजा. तुमच्या हायवेवर अजिंठा चौफुली, इच्छादेवी, आकाशवाणी, प्रभात, खोटेनगर. पाळधीहून एमआयडीसीला यायचं तर हे सगळे रोज दोनदा. भुसावळच्या अंगाने आलात तर यातलं जवळजवळ काहीच नाही.

दुसरीपाळी · रविवार, १२:५०

देवपूरकर, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एमआयडीसी शहराच्या भुसावळकडच्या अंगाला आहे, म्हणजे नशिराबादहून मी शहरात न शिरता पोचतो. मग पर्याय २ सगळ्यात सोयीचा दिसतो. नाना, तुमचा व्यनि आला, तूर्त धन्यवाद.

सिस्टरताई · रविवार, ४:१८

दादा, तुम्हाला सोयीचा.

मी त्याच पट्ट्यातल्या एका ग्रामपंचायतीच्या कॉलनीत राहते. कॉलनीचं नाव घेत नाही, शेजारी वाचतात. जळगावला एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. सकाळची ड्युटी असली की सगळं सुरळीत. हायवेवर आलं की एसटी मिळते, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे त्यामुळे परवडतंही. कालीपिली (शेअर जीप) तर हात केला की थांबते. मी सकाळी आरामात बसून जाते.

संध्याकाळचं ऐका. आठला ड्युटी संपते. हँडओव्हर देऊन निघेपर्यंत साडेआठ. अजिंठा चौफुलीवर उभं राहायचं. लांब पल्ल्याच्या बस मधल्या फाट्यावर थांबायला कुरकुर करतात. कालीपिली भरल्याशिवाय हलत नाही आणि त्या वेळी भरायला माणसं नसतात. समजा मिळाली. फाट्यावर उतरले. फाट्यापासून कॉलनी दीड किलोमीटर आत. दिवसा कोणी ना कोणी गाडीवर बसवून नेतं. रात्री एका बाजूला केळीचा बाग, दुसऱ्या बाजूला कपाशी, दिव्याचे खांब उभे आहेत, त्यांच्यावर दिवे लागायचे आहेत. मग मी नवऱ्याला फोन करते, तो पोराला एकटं ठेवून गाडी घेऊन येतो. तो गावी गेलेला असला तर मी हॉस्पिटलमध्येच झोपते.

आम्हीही घर घेताना हिशेब नवऱ्याच्या गाडीने केला होता. घरापासून कामापर्यंत इतकी मिनिटं, इतकं पेट्रोल. जिच्याकडे गाडी नाही तिला तेच अंतर किती पडतं ते कोणी मांडलं नाही. शेवटी मला स्कूटी घ्यावी लागली, तिचा हप्ता वेगळा, तिचं पेट्रोल वेगळं. ते सगळं घराच्या किमतीत धरा आणि मग सांगा सगळ्यात स्वस्त कोणतं. तुमच्या घरात सगळ्यात उशिरा आणि गाडीशिवाय परतणारं माणूस कोण, ते आधी ठरवा. घर त्या माणसाला परवडलं पाहिजे.

अपडाऊनवाला · रविवार, ४:३५

ताई, शंभर टक्के. स्टेशनपासून चालत घर असेल तर हा प्रश्नच येत नाही म्हणून मी भुसावळ म्हणत होतो.

सिस्टरताई · रविवार, ४:४१

दादा, तुमच्या डब्यात दारात उभे राहणारे सांगितलेत. बायका कुठे बसतात ते नाही सांगितलं. :)

अपडाऊनवाला · रविवार, ५:०२

बसतात. मागच्या बाजूला. आठ-दहा जणींचा ग्रुप आहे, बऱ्याच शिक्षिका, दोन बँकेतल्या, एक कोर्टातली. त्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आमच्यापेक्षा पक्का आहे. कोणती गाडी कुठे अडकली ते आम्ही त्यांनाच विचारतो.

भुसावळच्याकाकू · रविवार, ६:२०

मुलांनो, पाण्याबद्दल कोणी काही बोललंच नाही की. की बहुतेक पुरुषच लिहितायत म्हणून?

आमची हयात रेल्वे क्वार्टरमध्ये गेली. हे रिटायर झाल्यावर गावात घर घेतलं. क्वार्टरमध्ये खोल्या लहान होत्या, रंग उडालेला होता, पण बाहेर कडुलिंब होता आणि नळ होता. बाहेर पडल्यावर कळलं नळ म्हणजे काय चीज आहे. तापी उशाशी आणि आमच्या भागात नळ कधी आठ दिवसांनी, कधी दहा दिवसांनी. पाणी येणार म्हटलं की त्या दिवशी लग्नालासुद्धा जायचं नाही, घरात एक माणूस पाहिजे. जमिनीखालची टाकी, वर गच्चीवरची टाकी, मोरीत दोन ड्रम, स्वयंपाकघरात पिंप आणि पिण्याचं वेगळं, वीस लिटरचा जार. आमच्याकडे सून दाखवायला आणली तेव्हा तिच्या आईने आधी टाकी किती लिटरची ते विचारलं होतं. शहाणी बाई.

बघायला जाल तेव्हा टाकीचं झाकण उघडून आत बघा. तळाला गाळ किती आहे त्यावरून समजतं पाणी कुठलं आहे. बोअरचं असेल तर एक ग्लास उकळून बघा, भांड्याला पांढरं बसलं की समजा केस, कपडे, गिझर सगळ्याची वाट.

आणि उन्हाळा. इथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. पूर्वीची धाब्याची घरं होती, मातीचा जाड थर वर, दुपारी आत गार असायचं. आता चार इंची स्लॅब. दिवसभर तापतो आणि रात्री बारापर्यंत आत सोडतो. रो-हाऊस म्हणजे वर कोणी नाही, स्लॅब तुमचाच. पश्चिमेकडे तोंड असेल तर घेऊच नका. कूलरला पाणी लागतं हे लक्षात ठेवा, म्हणजे परत टाकी.

उन्हाबद्दल एक चांगलं सांगते नाहीतर म्हणाल काकू नुसतं रडते. पापड-बिबड्यांना असलं ऊन कुठे नाही. पहाटे चारला गल्लीतल्या सगळ्या एका गच्चीवर. ज्वारीचं घाटं हाटायला दोघी, ओल्या कापडावर पसरायला दोघी, आणि बाकीच्या घाटं खायला. दहा वाजता खाली उतरायचं, संध्याकाळी कडक.

तलाठीनाहीपण · रविवार, ९:१०

कागदांवर येतो, कारण पर्याय २ आणि ३ मध्ये पाणी नंतर मुरतं, आधी कागद मुरतात.

बिनशेतीचा आदेश प्रत्यक्ष बघा, त्याचा नंबर उताऱ्यावर चढलाय का ते बघा. मंजूर ले-आउटची प्रत मागा आणि ती घेऊन जागेवर उभे राहा. नकाशात ओपन स्पेस म्हणून दाखवलेल्या जागेत कोणाचं घर उभं आहे का? नकाशातला नऊ मीटरचा रस्ता जागेवर किती भरतो? अविभक्त शेतजमिनीतला "इतके गुंठे" असा तोंडी तुकडा घेऊ नका. तुकडेबंदीच्या (शेतजमिनीचे बारीक तुकडे पाडू न देणाऱ्या कायद्याच्या) भानगडीत खरेदी अडकते आणि बँक दारात उभी करत नाही.

रो-हाऊसची स्कीम आठपेक्षा जास्त घरांची आणि पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर असेल तर महारेराची (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणारं सरकारी प्राधिकरण) नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक मागा आणि वेबसाइटवर टाकून बघा, ताबा कधी देणार म्हणून त्यांनी स्वतः काय लिहिलंय तेही तिथे दिसतं. "ग्रामपंचायत हद्दीत रेरा लागत नाही" असं कोणी म्हणालं तर चहा पिऊन निघून या.

तयार घर असेल तर वहिनींच्या नावावर घ्या. घर एकट्या बाईच्या नावावर असलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. सिस्टरताईंनी वर जे लिहिलं त्यानंतर तर नावावर करायलाच हवं.

काळीमाती · रविवार, १०:०५

तलाठीभाऊ, एक राहिलं. माती.

आपल्याकडची जमीन काळी कसदार. कपाशीला उत्तम, घराला वैरीण. पावसात फुगते, उन्हात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया मुरमापर्यंत नेला नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा जायला लागतो. नव्या रो-हाऊसला रंग ताजा असतो, काही दिसत नाही. म्हणून त्याच बिल्डरची जुनी स्कीम शोधा आणि तिथल्या खिडक्यांचे कोपरे बघा. मी बांधकामावर सुपरवायझर आहे, एवढं एक बघितलं तरी बरंच कळतं.

आणि रस्ता. "रस्ता मंजूर आहे" याचा अर्थ येता पावसाळा चिखलात. हा साधा चिखल नाही. मडगार्ड आणि चाकाच्या मध्ये असा दाबून बसतो की चाक फिरायचंच बंद होतं. आमच्या कॉलनीत जून ते सप्टेंबर सगळ्यांच्या गाड्या हायवेवरच्या टपरीमागे. टपरीवाला महिन्याचे पैसे घेतो, छत्र्या आणि चपलाही सांभाळतो. कॉलनीतून येताना पायात प्लास्टिकची चप्पल, टपरीवर डब्यातल्या पाण्याने पाय धुवायचे, पिशवीतून बूट काढायचे आणि मग साहेब हाफिसला. शाळेची व्हॅन आत येत नाही, पोरं खांद्यावर. चार पावसाळे झाले असं चाललंय. यंदा मुरूम पडला.

नाना_प्रॉपर्टी · रविवार, १०:१८

तुम्ही लोक नुसतं निगेटिव्ह. असंच बोलत राहिलात तर कोणी घरच घेणार नाही.

काळीमाती · रविवार, १०:२०

नाना, मी तिथेच राहतो. विकायलाही काढलं नाही. कसं बघून घ्यायचं ते सांगतोय.

कपाशीतलंघर · सोमवार, सकाळी ७:३०

पर्याय २ सारख्याच कॉलनीत राहतो, नशिराबादच्या पलीकडे. धाग्यावर फार काळंकुट्ट चित्र उभं राहिलंय म्हणून लिहितो.

आम्ही आलो तेव्हा जेमतेम दहा-बारा घरं होती. कोणी रावेरचे, कोणी अमळनेरचे, एक कुटुंब बऱ्हाणपूरचं, दोन बिहारी मुलं दाळमिलमध्ये कामाला. कोणाला कोणी ओळखत नव्हतं. त्या श्रावणात पलीकडच्या गल्लीतल्या एका आजींनी कानबाई (आपली खानदेशची देवी) बसवली. गावाकडे जाणं जमत नव्हतं म्हणून इथेच. प्रसादाचे रोट घरच्यांनीच खायचे, भाऊबंदकीतच राहतात, पण रात्रीच्या जागरणाला सगळी कॉलनी आली. बऱ्हाणपूरवाल्यांना काही माहीत नव्हतं, तरी पहाटेपर्यंत टाळ धरून बसले. सोमवारी विसर्जनाला निघालो तेव्हा नदीपर्यंत जायला कोणाची गाडी, कोणाचा टेम्पो हे आपोआप ठरलं. तेव्हापासून टँकर बोलवायचा तरी चार घरं मिळून बोलावतात, कोणाच्या पोराला रात्री ताप आला तर कोणाची चारचाकी काढायची ते ठरलेलं आहे. थंडीत बांधावर भरीत-पुरीची पंगत बसते, वांगी शेतमालक देतो कारण त्याचे उरलेले प्लॉट त्यामुळे विकले जातात. तो काही वेडा नाही.

पिंप्राळ्यात भाड्याने राहत होतो तेव्हा खालच्या मजल्यावरच्या माणसाचं नाव मला माहीत नव्हतं.

पण सिस्टरताईंचं म्हणणं खोडून काढता येत नाही. माझी बायको आल्यापासून नोकरीला नाही. सुरुवातीला "घर लावू दे, मग बघू" असं होतं. मग शाळेची व्हॅन, मग सासूबाई. खरं कारण आठनंतरचा फाटाच आहे.

सिस्टरताई · सोमवार, ८:१५

दादा, शेवटच्या ओळीबद्दल आभार. हे कोणी लिहीत नाही.

गणेशकॉलनीकर · सोमवार, ९:४०

मी परत तेच म्हणेन, भाड्याने राहा.

अपडाऊनवाला · सोमवार, १०:०५

भाऊ, तुम्ही वडिलांच्या घरात राहता ना?

(गणेशकॉलनीकरांनी हा प्रतिसाद वाचला, उत्तर दिलं नाही.)

कुसुंबाकर · सोमवार, दुपारी १:२५

एमआयडीसीत असाल तर कुसुंबा किंवा सुप्रीम कॉलनीकडे का बघत नाही? अर्धी एमआयडीसी तिथेच राहते. सायकलवर पाळीला जाता येतं. रात्री अकराला सुटल्यावर रस्त्यावर माणसं असतात, सगळे पाळीचेच. घरं दाटीवाटीने आहेत, सकाळी भोंग्याआधी उठवायला कारखान्यांचा आवाज आहे, आणि "कुठे राहता" असं नातेवाइकांनी विचारलं की पुढे एक शांतता होते. ती सहन होत असेल तर पैशात पैसे आणि वेळात वेळ.

देवपूरकर · सोमवार, १:४०

नातेवाइकांची शांतता फुकट असते, तिला हप्ता नाही.

अपडाऊनवाला · सोमवार, ७:५५

रेल्वेच्या बाबतीत एक धोक्याची सूचना मीच देतो, नाहीतर मला रेल्वेचा एजंट समजाल. मार्च २०२० मध्ये पॅसेंजर बंद झाल्या तेव्हा आमच्यासारख्यांचं जे झालं ते विसरू नका. गाड्या बंद, पास बंद. हाफिस मात्र सुरू झालं. पुढे पॅसेंजर परत आल्या तर एक्स्प्रेसचं भाडं लावून, दहाचं तिकीट तीसला. २०२४ च्या फेब्रुवारीत कुठे ते खाली आलं. मधल्या काळात एसटीवर आलो तर २०२१ च्या नोव्हेंबरात एसटीचा संप जोरात, तो एप्रिल २०२२ पर्यंत. तेव्हा चौघे मिळून एक जुनी गाडी काढून येत होतो, नशिराबादला टोल वेगळा. ज्यांच्याकडे रेल्वे, एसटी आणि स्वतःचं चाक असे तिन्ही मार्ग होते ते तरले. भुसावळला निदान तिन्ही आहेत. आत कॉलनीत फक्त चाक आहे.

दुसरीपाळी · बुधवार, रात्री ११:५०

सगळ्यांचे प्रतिसाद बायकोला मोठ्याने वाचून दाखवले. काकूंचा आणि सिस्टरताईंचा तिने स्वतः पुन्हा वाचला. मग म्हणाली, नुसतं वाचून काय कळणार, एकदा करून बघू.

काल माझी सुट्टी होती. ती लॅबमधून सुटली, गाडी मी घरी ठेवली, आणि दोघं अजिंठा चौफुलीवरून पर्याय २ च्या कॉलनीकडे निघालो, तिला रोज जसं जावं लागेल तसं. पहिली बस फाट्यावर थांबणार नाही म्हणाली. दुसरीत बसलो. फाट्यावर उतरलो तेव्हा पुष्कळ अंधार झाला होता. पाऊस नव्हता, रस्ता कोरडा. आम्ही दोघं होतो तरी केळीच्या बागेपाशी तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "तू दुसऱ्या पाळीला असशील तेव्हा इथे कोणाचा हात धरू?" कॉलनीत पोचलो, एका घरात विचारलं, त्यांनी पाणी दिलं, चहा दिला, घर दाखवलं. माणसं कपाशीतलंघर यांनी लिहिली तशीच. खिडकीचा कोपरा बघितला, तडा नव्हता. घर चांगलं आहे. परत यायला कॉलनीतल्याच एका भाऊंनी हायवेपर्यंत दोन फेऱ्या मारून सोडलं.

पर्याय २ सोडला. ३ तर देवपूरकरांनीच मोडला. आता भुसावळ आणि कुसुंबा एवढेच. माझ्या पाळीच्या हिशेबाने कुसुंबा, तिच्या हिशेबानेही वाईट नाही. भुसावळला तिला स्टेशनवरून चालत घर आहे, पण दुसऱ्या पाळीला मी रात्री अकरानंतर हायवेने वीस-बावीस किलोमीटर दुचाकीवर. आमच्या कारखान्यात भुसावळचे तिघे आहेत, ते एकाच गाडीने येतात, त्यांच्यात शिरता आलं तर बघतो.

सिस्टरताई · गुरुवार, सकाळी ६:५०

दादा, एवढं केलंत हेच खूप आहे. वहिनींना नमस्कार सांगा.

भुसावळच्याकाकू · गुरुवार, ९:१०

टाकी बघितली का?

दुसरीपाळी · गुरुवार, ९:२५

भुसावळच्या फ्लॅटची बघितली काकू. वर दोन, खाली एक मोठी, बिल्डिंगची मिळून. सेक्रेटरी म्हणतात उन्हाळ्यात टँकर लागतो, वर्गणी काढतात. गाळ होता पण वाळूचा, पांढरं नाही.

भुसावळच्याकाकू · गुरुवार, ९:४०

मग ठीक. कितव्या मजल्यावर आहे?

दुसरीपाळी · गुरुवार, ९:४४

तिसऱ्या.

भुसावळच्याकाकू · गुरुवार, ९:४६

जुनी बिल्डिंग म्हणालास. लिफ्ट आहे? आईचं वय काय?

दुसरीपाळी · गुरुवार, १०:३०

लिफ्ट नाही. आई सत्तरीला आली, गुडघे गेलेत तिचे. तिला आणायचं ठरलं तेच गावी जिना चढवत नाही म्हणून.

अपडाऊनवाला · गुरुवार, १०:५२

थांबा, घाई करू नका. आमच्या गल्लीत तळमजल्याचा एक निघतोय, मालक मुलाकडे सुरतला चाललेत. स्टेशन थोडं लांब पडेल, पण रस्त्यावर रात्रभर वर्दळ आहे, रेल्वेची माणसं येत-जात असतात. पश्चिमेला तोंड नाही काकू, आधीच सांगतो. शनिवारी संध्याकाळी वहिनींना घेऊन गाडीने... म्हणजे रेल्वेने या. व्यनि केलाय.